सीओपीडी असेल तर बसावं कसं, श्वास सोडावा कसा

दम लागलेल्या माणसाभोवती जमलेली मंडळी हमखास एकच सांगतात: "दीर्घ श्वास घ्या." सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागायचा फुफ्फुसाचा आजार, असलेल्या माणसाला कृपा करून हे सांगू नका. आमच्या छातीत हवा आधीच कोंडलेली असते. बारीक श्वासनळ्या सुजलेल्या आणि सैल पडलेल्या असतात, त्यामुळे आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. फुफ्फुसं फुगलेलीच राहतात आणि त्यांच्याखालचा श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचा, घुमट दाबला जाऊन सपाट होतो. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे ओतणार? आधी तो थोडा रिता करावा लागतो.

मी बावीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, तरी हा आजार गाठीला आला. त्याला आता अकरा वर्षं झाली. खाली लिहिलंय ते मी रोज करते आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणींना शेजारी बसून शिकवलंय.

पंप (इनहेलर) डॉक्टरांनी सांगितलाय तसाच घ्या. दम मोकळा करणारा पंप व्यायामाआधी घ्यायला सांगितला असेल तर तो पंधरा-वीस मिनिटं आधी. भरल्या पोटी काही करू नका.

1. आधी बसा, पुढे झुका

साध्या खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला पुरती टेकवा. कमरेतून पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेकवा, तळवे सैल सोडा. पाठीची कमान करून पोट घडीत चेपू नका. असं झुकलं की पोटातल्या अवयवांचा आधार श्वासपटलाला खालून मिळतो आणि सपाट झालेला घुमट थोडा वर उचलला जातो. हात टेकलेले असले की खांद्या-छातीचे स्नायू हातांचं वजन पेलायचं सोडून श्वासाच्या मदतीला येतात. टेबलावर दोन उशा रचून त्यावर डोकं टेकलं तरी चालतं. उभं असाल तर ओटा, खिडकीचा कट्टा, जिन्याचा कठडा, जे हाताशी असेल त्यावर झुका.

घरच्यांनो, दम लागला की "जरा आडवी हो" म्हणू नका. उताणं झोपल्यावर आमचा श्वास आणखी कोंडतो. त्यापेक्षा पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्या. गार वाऱ्याने दम लागल्याची भावना खरोखर कमी होते.

2. खांदे कानांपासून खाली सोडा. जबडा सैल.

3. ओठांतून श्वास सोडणं

इथे माझे सहा महिने वाया गेले, म्हणून सविस्तर सांगते. "शिट्टी वाजवताना ओठ असतात तसे करून श्वास हळू सोडा," एवढंच मला कागदावर लिहून मिळालं होतं. माझ्या गालांना सवय फुंकणीची. पावसाळ्यात ओली लाकडं पेटवताना पोटातून जोर लावून फुंकर मारायचो, तशीच मी मारत राहिले. गाल फुगायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, चौथ्या-पाचव्या फुंकरीला डोळ्यांपुढे अंधारी यायची. जितका जोर लावू तितकी हवा बाहेर जाईल, अशी माझी समजूत होती.

घडत होतं उलटंच. जोर लावला की छातीतला दाब त्या सैल नळ्यांवर बाहेरून पडतो. त्या मिटतात आणि मागची हवा आतच अडकते. ओठ अर्धवट मिटून सावकाश सोडलं, तर नळ्यांच्या आत थोडा दाब टिकून राहतो. त्याच्या आधाराने त्या उघड्या राहतात आणि हवेला निघायला वेळ मिळतो.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी बशीत चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. वर साय धरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, ही साय फुंकरीने पलीकडच्या काठापर्यंत न्या. घाई करायची नाही आणि एक थेंब सांडायचा नाही." पहिल्या फुंकरीला चहा टेबलभर उडाला. आठवडाभर रोज दुपारच्या चहाला मी तेवढंच केलं. मग एक दिवस साय हलकी सुरकुतली आणि सरकत सरकत काठाला जाऊन लागली. तेवढाच जोर. त्यापुढे रेसभरही नाही.

आता कृती. तोंड मिटून नाकाने मनात दोन मोजेपर्यंत श्वास घ्या, नेहमीएवढाच. मग ओठ बारीक करून चार मोजेपर्यंत सोडा. चार जमत नसतील तर तीन. शेवटची हवा पिळून काढायच्या मागे लागू नका. श्वास मध्ये रोखून धरू नका. असे पाच-सहा श्वास झाले की थांबा, साधा श्वास घ्या. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तिथेच सोडून द्या.

जोर लागतोय का, हे दोन ठिकाणी कळतं. एक हात पोटावर ठेवा. श्वास सोडताना पोट दगडासारखं होत असेल तर तुम्ही ढकलताय. आणि आरशात बघा: गाल फुगता कामा नयेत.

हे शिकायचं ते दम लागलेला नसताना, दिवसातून चार-पाच वेळा, टीव्ही बघताना, शेंगा सोलताना. दम लागल्यावर पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही आणि तुमचा त्यावरचा विश्वासच उडेल.

"पोटाने श्वास घ्या" असंही सगळीकडे सांगतात. आजार सौम्य असेल आणि फिजिओथेरपिस्ट समोर असतील तर शिका. ज्यांची छाती फार फुगलेली आहे, त्यांना त्याने दम वाढूही शकतो. वाढला तर निमूट सोडा. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक याबाबत माझं मत पक्कं आहे: आमच्यासाठी नाहीत. जोराचा उच्छ्वास आणि रोखलेला श्वास, दोन्ही आम्हाला नकोत. फुगे फुगवू नका. आत तीन छोटे चेंडू असलेलं ते प्लास्टिकचं यंत्र मुख्यतः ऑपरेशननंतर फुफ्फुसं उघडायला देतात, आणि त्यात श्वास ओढायचा असतो. शेजाऱ्यांनी दिलं म्हणून वापरू नका.

4. कामाला जोडा

नियम एकच: जोर लागेल तेव्हा श्वास सोडा. जिन्यावर उभ्या उभ्या श्वास घ्या, मग सोडत सोडत एक किंवा दोन पायऱ्या चढा. थांबा. पुन्हा. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि असंच चढते. बादली उचलताना, खुर्चीतून उठताना, चपलेचा पट्टा लावायला वाकताना, सगळीकडे सोडत.

हात डोक्याच्या वर गेले की दम जास्त लागतो, कारण श्वासाला मदत करणारे स्नायू हात धरून ठेवण्यात गुंततात. म्हणून वेणी घालताना कोपरं टेबलावर टेकवा. रोजचे डबे फडताळाच्या वरच्या फळीवरून खाली आणा. आंघोळ स्टुलावर बसून करा.

5. पाठ

दिवसातून दोनदा भिंतीला पाठ लावून उभं राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. खांदे मागे टेकवा, हनुवटी किंचित आत, आणि पाच वेळा ओठांतून श्वास सोडा. मग खांदे मागे फिरवा, दहा वेळा. वर्षानुवर्षं दमून पाठीला आलेला बाक यापेक्षा वाढू नये, यासाठी हे.

चालणं मात्र रोज हवंच. दम दहापैकी तीन-चार वाटेल इतपत चाला, त्या वेळी छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. पायांत ताकद असली की तेवढ्याच कामाला श्वास कमी लागतो. जवळच्या हॉस्पिटलात फुफ्फुसांच्या पुनर्वसनाचा वर्ग असेल तर सहा-आठ आठवडे नक्की जा.

घरी ऑक्सिजन असेल तर दम वाढला म्हणून लिटर स्वतःच्या मनाने वाढवू नका. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांचा बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा डॉक्टर 88 ते 92 टक्क्यांमध्ये ठेवतात, 99 करायचा हट्ट धरत नाहीत.

बेडक्याचा रंग हिरवा-पिवळा झाला, त्याचं प्रमाण वाढलं, पावलांना सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ओठ निळे पडले, छातीत दुखलं, वाक्य पुरं करता येईना, किंवा माणूस गुंगीत जायला लागला, तर व्यायाम वगैरे काही नाही, 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला पुढे झुकवून बसवा आणि शेजारी बसून त्याच्या लयीत सावकाश मोजत राहा.