सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओपासून करा

हॅम रेडिओत, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलण्याच्या छंदात, नव्याने येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात, सेट कोणता घेऊ? मी सांगतो, आधी एक जुना व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांचा) रेडिओ स्वतःच्या हाताने चालू करा, मग विकत घ्या.

मला हे एका वळिवाने शिकवलं. कोथरूडला आमच्या गच्चीवर दोन तारा ताणलेल्या होत्या. एकीवर नवा ट्रान्सीव्हर (ऐकायचा आणि बोलायचा सेट), दुसरीवर सदाशिव पेठेतल्या काकांनी दिलेला व्हॉल्व्ह रिसीव्हर. जवळच कुठेतरी वीज पडली आणि लाइट गेले. परत आले तेव्हा नव्या सेटचे दिवे लागले, पण तो ठार बहिरा झाला होता. काकांचा सेट मात्र अर्ध्या मिनिटात तापला आणि नेहमीसारखा खरखरायला लागला. ट्रान्झिस्टरमधला जोड इतका बारीक असतो की क्षणभराचा जादा विद्युतदाबही त्याला कायमचा जाळतो. व्हॉल्व्हमधले पत्रे आणि जाळ्या निर्वातात अंतर राखून उभ्या असतात. ठिणगी उडाली तरी बहुतेक वेळा तो सावरतो. (वीज थेट तारेवर पडली तर काहीच वाचत नाही. ढग दिसले की अँटेना काढून ठेवा.) १९७६ साली सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को मिग-२५ घेऊन जपानमध्ये हाकोदातेला उतरला, त्या विमानाच्या रडारमध्येही व्हॉल्व्हच होते.

तरीही संकटात व्हॉल्व्हच हवा असं मी म्हणणार नाही. घरगुती सेट सहज चाळीस-पन्नास वॅट खातो, इन्व्हर्टरवर तो परवडत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर हॅम भारती प्रसाद यांनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले, ते ट्रान्झिस्टरच्या सेटवरूनच. व्हॉल्व्हची खरी किंमत ही, की तो डोळ्यांना दिसतो आणि मीटर-सोल्डरिंगवर दुरुस्त होतो. दुकानं बंद, नेट बंद, अशा दिवशी तेवढंच हाताशी असतं.

माझा पहिला सेट जुन्या बाजारातून आणलेला. लावला आणि आउटपुटचा, म्हणजे स्पीकर चालवणारा, ईएल ८४ व्हॉल्व्ह लालभडक व्हायला लागला. मी व्हॉल्व्हच बदलायला निघालो होतो. काकांनी थांबवलं, "ग्रिडवरचा दाब मोज." ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधली जाळी. तिथे उणे किंवा शून्य असायला हवं होतं, मीटर चक्क अधिक दाखवत होता. मागचा कागदी कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल पुढे देणारा, पण डीसी अडवणारा) गळत होता. तेवढा एक बदलला आणि व्हॉल्व्ह शांत झाला. लक्षणावरून मागे मागे जात मूळ शोधायचं, ही सवय मला तिथे लागली आणि पुढे आधुनिक सेटवरही तीच कामाला आली.

आता जिवाची गोष्ट. आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहतो. आधी तो रेझिस्टरमधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. तिला नवख्याने हात लावूच नये. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या एका तारेत मध्ये बल्ब जोडून, लावा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

ऐकायला लायसन्स लागत नाही, बोलायला लागतं. त्याची परीक्षा असते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या लायसन्सला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) नाही, जनरलला आहे. मोर्स शिकाच. आवाज ऐकू येत नाही इतक्या कमजोर सिग्नलवरही तो कळतो.

सराव झाला की बॅटरीवरचा सेट शोधा. वीज नसलेल्या गावांत हे सेट असायचे. त्यांतले व्हॉल्व्ह: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. यांची फिलामेंट (आतली तापणारी तार) १.४ व्होल्टवर चालते, म्हणजे एक साधा मोठा सेल पुरतो. व्हॉल्व्हच्या पत्र्याला लागणारे ९० व्होल्ट देणारी जुनी बॅटरी आता मिळत नाही. मी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकमेकींत खोचून माळ केली, घरचा मेन स्विच पाडला आणि अंधारात डायल फिरवली. ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र लागलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "लाइट आले का रे?"