एका कामाला एकच शब्द: घराण्याच्या वेबसाइटची मांडणी एकसारखी कशी करावी

आमच्या घराण्याच्या वेबसाइटवर प्रत्येक माणसाच्या पानावर ‘फोटो काढा’ असं बटण होतं. ते फोटो पुसण्यासाठी होतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळं खानदान गावी, यवतमाळ जिल्ह्यात, जमलं होतं. मोठमायनं मोबाइल हातात घेतला, आपल्या आजेसासऱ्यांचं पान उघडलं आणि ते बटण दाबलं. त्यांचा एकमेव फोटो पानावरून गेला. “मले वाटलं, फोटू काढाचा हाय. म्हणून दाबलं म्या,” ती म्हणाली. त्यानंतर दिवसभर तिनं मोबाइलला हात लावला नाही.

फोटोची प्रत माझ्याकडे होती, तो परत लागला. पण आजेसासऱ्यांना डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आमच्या घरात आता मोठमाय एकटीच आहे, आणि तिलाच आम्ही घाबरवून सोडलं होतं. दुसऱ्या पानावर त्याच कामाच्या बटणावर ‘डिलीट’ लिहिलं होतं. चूक तिची नव्हती.

आम्ही वेबसाइट सुधारली ती अशी. तुमच्या घराण्याची असेल, तर याच क्रमानं जा.

आधी संगणक बाजूला ठेवा. मुखपृष्ठ, वंशवृक्ष, व्यक्तीचं पान, कागदपत्रं, शोध, माहिती भरायचा फॉर्म, अशा प्रत्येक प्रकारच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणा आणि ओसरीत सतरंजीवर मांडा. संगणकावर एका वेळी एकच पान दिसतं, त्यामुळे विसंगती लपते. सतरंजीवर ती लगेच डोळ्यांत येते. आमच्याकडे मागच्या पानावर जायला ‘मागे’, ‘परत’ आणि ‘बॅक’ असे तीन शब्द निघाले, कारण तीन भावंडांनी तीन वेगवेगळ्या सुट्यांत ती पानं बनवली होती.

मग शब्दांची वही करा. डावीकडे काम, उजवीकडे त्याचा एकच शब्द. तो शब्द घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून ठरवा. मला ‘जतन करा’ हवं होतं. पण आमच्या घरी सगळे ‘नंबर सेव्ह कर’, ‘मेसेज डिलीट कर’ असंच म्हणतात, म्हणून ‘सेव्ह करा’ आणि ‘डिलीट करा’ हेच घेतलं. शुद्ध मराठीचा आग्रह मलाही आहे, पण इथं तो अडसर ठरला असता. डिलीट करण्याआधी विचारायचा प्रश्नही सगळीकडे तोच ठेवा आणि ‘नको’ हे बटण नेहमी एकाच बाजूला. वापरायला सोप्या मांडणीचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९४ साली मांडलेल्या दहा तत्त्वांत एकसारखेपणा आहे तो याचसाठी: वेगळे शब्द, वेगळ्या खुणा यांचा अर्थ एकच आहे की नाही, या विचारात वापरणाऱ्याला पडावं लागू नये.

आता व्यक्तीचं पान. सगळ्यात जास्त वेळ याला द्या. नाव, जन्म, आईवडील, लग्न, मुलं, मृत्यू हा क्रम प्रत्येक पानावर तोच हवा. आमचा मोठा दोष बायकांच्या पानांवर होता. कुठे ‘माहेर’, कुठे ‘पूर्वाश्रमीचं नाव’, आणि निम्म्या पानांवर दोन्ही नाही, कारण ती पानं पुरुषांच्या पानावरून नक्कल करून बनवली होती. परिणाम असा की वंशवृक्षात बाई लग्नापासून सुरू व्हायची. आता प्रत्येक स्त्रीच्या पानावर जन्मनाव, सासरचं नाव आणि माहेरचं गाव असे तीन रकाने आहेत. माहिती नसली तरी रकाना लपवत नाही. तिथं ‘माहीत नाही, तुम्ही सांगा’ असं दिसतं.

तारखांचा एकच साचा ठेवा: १२ मार्च १९२१. ‘१२/३/२१’ लिहिलंत तर शतकच कळत नाही. जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, फसली साल (जुन्या महसुली कागदांतलं) असेल तर ५९०. महिना माहीत नसेल तर उत्तर एका वर्षानं पुढे जाऊ शकतं, म्हणून ‘अंदाजे’ लिहा. कुठे ‘सुमारे’, कुठे ‘साधारण’ असं नको. मूळ साल खालच्या ओळीत जसंच्या तसं राहू द्या.

गावांचंही तसंच. आपला विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, १९६० पर्यंत मुंबई राज्यात. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ साली अकोल्यातून. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, ‘जिल्हा अकोला’ आहे आणि नातवाला वाशीम माहीत आहे, तेव्हा वर आजचा पत्ता आणि खाली ‘नोंदीतलं ठिकाण’, असे दोन रकाने सगळीकडे ठेवा.

शोधात एक खाच आहे, ती आपल्यालाच नडते. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, काही साध्या ‘र’पुढे न दिसणारी जोडखूण घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाही. वेबसाइट सांभाळणाऱ्याला सांगून शोधण्याआधी दोन्हींचं एकच रूप करून घ्या. इंग्रजी आकडे आणि मराठी आकडे यांचंही तेच.

रंग आणि अक्षरांचं थोडक्यात: ते एकाच सीएसएस फाइलमध्ये (वेबसाइटचं रंगरूप ठरवणारी फाइल) व्हेरिएबल म्हणून, म्हणजे नाव देऊन एकाच जागी, लिहा, म्हणजे एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. वरखाली मात्रा असलेल्या आपल्या लिपीला ओळींत मोकळी जागा लागते, अक्षराच्या १.६ पट तरी. बटण ४४ पिक्सेलपेक्षा लहान नको. आणि जिवंत माणसांची जन्मतारीख लपवायची, तर वाढदिवसांच्या यादीतूनही लपवा. एका पानावर लपवून दुसऱ्यावर दाखवली, तर लपवून काय उपयोग?

शेवटची परीक्षा घरच्या गर्दीत घ्या. मोबाइल हातात द्या, काम सांगा आणि गप्प बसा. बोट जिथं थबकेल तिथं वहीत खूण करा. मध्येच ‘इथं दाब’ म्हणू नका, कारण एरवी ते माणूस एकटंच वेबसाइट उघडणार आहे.

यंदाच्या महालक्ष्म्यांना मोठमायला मी तिच्या आजेसासूचं पान उघडायला सांगितलं. ती वरून एकेक रकाना वाचत गेली. माहेरच्या रकान्यापाशी थांबली. मला वाटलं, अडली. तिनं माइकच्या खुणेवर बोट ठेवलं, फोन तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, “दिग्रस.” मग स्वतःच ‘सेव्ह करा’ दाबलं.