अपलंड पक्षी-शिकारीचं साहित्य: काय, कोणत्या क्रमाने आणि कसं पारखून घ्यावं

अमेरिकेत ‘अपलंड’ शिकार म्हणजे पाणथळ जागा सोडून गवताळ माळ, शेतांचे बांध, झुडपी रान आणि खडकाळ उतार इथल्या पक्ष्यांची शिकार. फेझंट, ग्राउज, बॉबव्हाइट क्वेल, हंगेरियन पार्ट्रिज आणि आपल्या उपखंडातून तिकडे नेऊन सोडलेला चकोर हे यातले मुख्य पक्षी. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे पुढची माहिती तिकडे राहणाऱ्यांच्या कामाची.

या शिकारीत दिवसभरात दहा-पंधरा किलोमीटर सहज चालणं होतं आणि बार मात्र मोजकेच उडतात. आधी पाय, मग खांदा आणि शेवटी चाप ओढणारं बोट, असा हा कामाचा क्रम आहे. पैसेही त्याच क्रमाने खर्च करावेत. नवखी माणसं सगळं बजेट बंदुकीत घालतात आणि उरलेल्या पैशांत बूट घेतात. दुपारी बाराला टाचेला फोड येतो आणि महागडी बंदूक गाडीत परत जाते.

बंदुकीला हात लावण्याआधी कागदपत्रं

राज्याचा ‘हंटर एज्युकेशन’ अभ्यासक्रम पूर्ण करा आणि शिकारीचा परवाना काढा. एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हे आणखी महत्त्वाचं. फेडरल कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. विकत घेणं सोडाच, मित्राची बंदूक ‘जरा वापरून बघायला’ घेतली तरी हा नियम लागू होतो. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपली. ग्रीन कार्डधारकांना हे बंधन नाही.

पक्षी आणि जमीन ठरवा

साउथ डकोटातला फेझंट उंच गवतात आणि मक्याच्या धाटांत असतो, मिशिगनचा रफ्ड ग्राउज दाट, कोवळ्या ॲस्पेनच्या रानात, तर नेवाडाचा चकोर खडकाळ चढावर. पहिल्या दोन-तीन हंगामांत बहुतेक दिवस कुठे जाणार हे नक्की करा आणि त्याच जागेसाठी खरेदी करा. ‘सगळीकडे चालेल’ असं साहित्य बहुधा कुठेच धड चालत नाही.

बूट

सपाट माळ आणि शेतांसाठी साधारण आठ इंच उंचीचे, अस्तराशिवायचे बूट पुरतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्फात जाणार असाल तर २०० ते ४०० ग्रॅम इन्सुलेशनचे, म्हणजे ऊब धरणाऱ्या थराचे, घ्या. त्याहून जास्त इन्सुलेशनचे बूट एका जागी बसून शिकार करणाऱ्यांसाठी असतात. चालताना त्यांत पाय घामाने भिजतात आणि मग गारठतात. दवाने ओलं झालेल्या गवतासाठी आतलं जलरोधक पटल उपयोगी पडतं. कोरड्या, उष्ण चकोर-प्रदेशात मात्र पटल नसलेलं साधं चामडं बरं, कारण त्यातून हवा खेळते. तळवा खडकासाठी खोल दातांचा हवा. चिकणमातीत खोल दातांत चिखल रुतून बूट जड होतो, तिथे उथळ आणि विरळ गाठींचा तळवा घ्या.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि शिकारीला घालायचे तेच लोकरी मोजे घालून बघा. दुकानातल्या उतारफळीवरून खाली चाला. बोटं पुढे आपटली तर माप चुकलं. चढताना टाच उचलली गेली तरी चुकलंच, आणि ही दुसरी चूक लेस कितीही आवळली तरी सुटत नाही. हंगामाच्या महिनाभर आधीपासून बूट रोज थोडे वापरा. आणखी एक, वर्षानुवर्षं पेटीत पडून असलेले ‘नवे’ बूट स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. मधल्या थरातलं पॉलीयुरेथेन हवेतल्या दमटपणाने न वापरताही कुजतं आणि तळवा चालता चालता सुटून येतो.

शॉटगन: आधी माप, मग प्रकार

बोअर किंवा गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद. १२ गेजची नळी साधारण १८.५ मिलिमीटर, २० गेजची १५.६. फेझंट डोळ्यांसमोर असेल तर १२ किंवा २०, क्वेल आणि ग्राउजसाठी २० किंवा २८. पहिलीच बंदूक असेल तर २० गेज घ्या. धक्का सोसवतो, वजन कमी असतं आणि काडतुसं कुठेही मिळतात.

वजन सहा ते सात पौंड, म्हणजे २.७ ते ३.२ किलो, ठेवा. सात पौंडांच्या वरची बंदूक दुपारनंतर हातात जड होते आणि पक्षी उठेपर्यंत नळी जमिनीकडे झुकलेली असते. पाच पौंडांची हलकी बंदूक दुकानात फार मोहात पाडते, पण तिचा झोका पक्ष्यामागे फिरता फिरता मध्येच थांबतो, आणि थांबलेली नळी पक्ष्याच्या मागेच बार टाकते.

प्रकारांबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात. नवख्याला मधून मोडणारी, म्हणजे बिजागरीवर उघडणारी दुनळी, एकावर एक किंवा शेजारी-शेजारी कशीही, जास्त सोयीची. तारेचं कुंपण ओलांडताना ती मोडून धरली की रिकामी आहे हे सोबत्यालाही दिसतं, आणि दोन नळ्यांना दोन वेगळे चोक लावता येतात. सेमी-ऑटो, म्हणजे बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घेतलीत तर धक्का कमी बसतो, पण सफाई जास्त लागते. वुडकॉक, होला यांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी एका वेळी तीनहून जास्त काडतुसं मावू नयेत असा फेडरल नियम आहे; त्यासाठी मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या नळीत, प्लग बसवावा लागतो.

आता मापाकडे या, कारण पक्षी हुकण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. आधी तुमचा वरचढ डोळा कोणता ते बघा: दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूकडे बोट रोखा आणि एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना बोट हलत नाही तो वरचढ. तो खांद्याच्या विरुद्ध बाजूचा निघाला तर प्रशिक्षकाला विचारूनच पुढे जा. मग बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, शिकारीचं जाकीट अंगात घालून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. टोकाचा मणी आणि नळीवरच्या पट्टीचा जेमतेम पातळ भाग दिसला पाहिजे. फक्त रिसीव्हरचा (नळीमागच्या धातूच्या सांगाड्याचा) मागचा भाग दिसत असेल तर दस्त्याची वरची कड तुमच्यासाठी खाली आहे. पट्टीचा लांबलचक रस्ता दिसत असेल तर वर आहे. नाक आणि चापाजवळच्या हाताचा अंगठा यांत दोन बोटांचं अंतर राहिलं तर लांबी ठीक. दस्ता लांब पडला तर तो खांद्याकडे येताना काखेजवळ जाकिटात अडकतो. आखूड पडला तर बार उडताना अंगठा नाकावर येतो.

खात्री कागदावर करा. १६ यार्डांवर मोठा कागद लावा, मध्ये ठिपका काढा आणि नेम न धरता झटकन खांद्याला लावून पाच-सहा बार टाका. छर्ऱ्यांचा मध्य ठिपक्यापासून जितके इंच सरकला असेल, तितके सोळावे भाग इंच दस्त्यात बदल हवा. दोन इंच खाली म्हणजे कड १/८ इंच उंच करायची. हे काम बंदूक-कारागीर करतो आणि नवी बंदूक घेण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

चोक आणि काडतुसं

चोक म्हणजे नळीच्या तोंडाचं आकुंचन. १२ गेजमध्ये इम्प्रूव्ह्ड सिलिंडर सुमारे ०.०१० इंच, मॉडिफाइड ०.०२०. कुत्र्यासमोर उठणारा पक्षी बहुधा २०-२५ यार्डांवर असतो, म्हणून पहिल्या नळीला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर आणि दुसरीला मॉडिफाइड लावा. फुल चोक जवळच्या पक्ष्याच्या चिंधड्या करतो किंवा पार हुकवतो.

छर्ऱ्याचा नंबर मोठा तितका छर्रा लहान. १७ मधून नंबर वजा करा, उत्तर शंभरांश इंचांत व्यास देतं: ६ नंबर म्हणजे ०.११ इंच. शिशात क्वेल, वुडकॉक आणि रफ्ड ग्राउजसाठी साडेसात किंवा ८, चकोर आणि पार्ट्रिजसाठी ६ किंवा साडेसात, फेझंटसाठी ५ किंवा ६. पोलाद शिशापेक्षा हलकं असतं, त्याचा वेग लवकर मरतो, म्हणून दोन नंबर जाड घ्या: शिशाच्या ६ च्या जागी पोलादाचा ४. फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियांत (बदकांसारख्या पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनींत) शिसं चालत नाही आणि अनेक राज्यांच्या सार्वजनिक जमिनींवरही नाही. जुन्या, पातळ नळीच्या बंदुकीत पोलाद घालू नका, नळी खराब होते. तिथे बिस्मथ धातूचे छर्रे वापरा.

२० गेजची काडतुसं पिवळी असतात, याला कारण आहे. चुकून १२ गेजमध्ये घातलेलं २० चं काडतूस आत घसरून नळीत अडकतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि मागून १२ चं घालून बार उडवला की नळी फुटते. घरात दोन्ही गेज असतील तर एका जाकिटात एकच गेज, आणि घरी आल्यावर खिसे पूर्ण रिकामे. तसंच पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसलं तरी घालू नये. बार उडताना काडतुसाच्या तोंडाला उलगडायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो.

पँट, जाकीट आणि केशरी रंग

पँटचा पुढचा भाग मांडीपर्यंत दुहेरी हवा, १००० डेनियर नायलॉनचा किंवा मेणकापडाचा. खालच्या कडेला मागूनही कापड दुहेरी आहे का ते बघा, पँट तिथेच आधी झिजते. घालून खुर्चीवर पाय ठेवा. गुडघा ओढला तर कुंपण ओलांडताना मांडीची शिवण उसवणार. सप्टेंबरच्या उन्हात साध्या पँटवर चॅप्स (फक्त पाय झाकणाऱ्या जाड नळ्या) चढवलेल्या बऱ्या.

जाकिटापेक्षा कंबरपट्ट्याचं पट्टेवालं व्हेस्ट घ्या, भार खांद्यांवर न येता कमरेवर येतो. तीन नर फेझंट मिळून साडेतीन-चार किलो भरतात, त्यात दोन लिटर पाणी. दुकानात व्हेस्टमध्ये तेवढं वजन भरून बंदूक खांद्याला लावून बघा. पट्टा नेमका दस्त्याच्या जागी येत असेल तर ते व्हेस्ट कितीही देखणं असलं तरी नको. पक्ष्यांचा कप्पा धुता येण्याजोगा हवा.

झगझगीत केशरी किती अंगावर हवं हे राज्य ठरवतं, पण नियमापेक्षा जास्तच घाला, टोपीसह आणि सर्व बाजूंनी दिसेल असं. उन्हाने हा रंग विटतो. विटलेली टोपी बदला.

चष्मा ‘झेड-८७.१’ (डोळ्यांच्या संरक्षणाचं अमेरिकी मानक) खुणेचा घ्या. दाट रानात फांदी डोळ्यात जाण्याची भीती छर्ऱ्याहून मोठी. शॉटगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कानांत इलेक्ट्रॉनिक प्लग हवेत. त्यातून पंखांची फडफड आणि सोबत्याची हाकही ऐकू येते.

कुत्रा असेल तर

त्याच्यासाठी वेगळं पाणी, केशरी पट्टा, साळींदराचे काटे उपटायला चिमटा, डोळे धुवायला सलाइन, गुंडाळायची चिकट पट्टी आणि पशुवैद्याचा फोन नंबर जवळ ठेवा. तार कापायचं कटरही घ्या, प्राणी पकडायला लावलेल्या तारेच्या फासात पाय अडकला तर तेच उपयोगी पडतं. गाडीत बसवण्याआधी बोटांच्या फटी, कान आणि काखा बोटाने चाचपा. फॉक्सटेल गवताचं कुसळ त्वचेत शिरलं की मागे सरकत नाही, आत आतच जातं, आणि आठवड्याभराने तिथे गळू होतं.