गावातली पीएम किसानची यादी कशी काढायची

माझं झेरॉक्सचं दुकान. एप्रिल २०२०मध्ये, लॉकडाऊनच्या मदतीत, पीएम किसानचे २००० रुपये जमा झाले तेव्हापासून एकच प्रश्न: "भाऊ, पैसे कुणाकुणाला आले?"

योजनेच्या संकेतस्थळावर 'बेनिफिशियरी लिस्ट' उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ब्लॉक, गाव निवडा, मग 'गेट रिपोर्ट'. गावाचं इंग्रजी स्पेलिंग विचित्र असतं, आसपासची नावंही बघा. ओटीपी लागत नाही. कुणी मागितला तर उठून चालू लागा.

यादीत नाव दिसलं, तरी कुठला हप्ता जमा झाला ते कळत नाही. त्यासाठी तालुक्यात पीएम किसानचं काम बघणाऱ्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. गाव आणि हप्त्याचा काळ नेमका लिहा. 'सगळी माहिती द्या' म्हटलं की टोलवाटोलवी ठरलेली. पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प.

माहितीच्या अधिकारातूनच २०२१मध्ये कळलं, की २०.४८ लाख अपात्रांना १३६४ कोटी गेले. त्यात आयकर भरणारेही होते. पण शेजाऱ्याचं नाव दिसलं म्हणून लगेच बोंब मारू नका, आधी सातबारा बघा.