१९०६ ते १९१४ : ब्रिटनच्या उदारमतवादी सरकारचा अभ्यास करताना

एम.ए.ला आधुनिक ब्रिटनचा पेपर घेतला असेल, तर १९०६ ची निवडणूक, म्हाताऱ्यांचं पेन्शन, अर्थमंत्री लॉइड जॉर्जचं बजेट, १९११ चा पार्लमेंट ॲक्ट हे सगळं तुम्हाला माहीत असणार. ते पुन्हा सांगत बसत नाही. मी ज्या जागी फार काळ अडकून पडले आणि अजूनही जिचं नाव निघालं की धडधडतं, तेवढ्याच जागेबद्दल सांगते.

बाजारातली गाईडं या काळाचे चार कप्पे करतात : लॉर्ड्स या वरच्या सभागृहातल्या उमरावांशी झगडा, आयर्लंड, स्त्रियांचा मताधिकार, कामगारांचे संप. प्रत्येकाखाली पाच-सहा मुद्दे. त्यावर पास व्हाल. पण 'सत्तेत असूनही हे सरकार १९१४ पर्यंत एवढं कोंडीत का सापडलं?' असं कुणी विचारलं की हात थांबेल, कारण यातले निदान तीन झगडे एकाच आकड्याला बांधलेले आहेत आणि तो आकडा या कप्प्यांमधून निसटून जातो.

१९०६ मध्ये कॉमन्स या खालच्या सभागृहातल्या ६७० जागांपैकी सुमारे ४०० उदारमतवाद्यांना, हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला जेमतेम १५७. हे डोक्यात पक्कं बसतं आणि घात तिथेच होतो, कारण नकळत आपण १९१४ पर्यंत तेच बहुमत धरून चालतो. जानेवारी १९१० च्या निवडणुकीत उदारमतवादी २७५ च्या आसपास आले आणि हुजूर पक्ष त्यांच्या अगदी मागोमाग, २७३ च्या आसपास. डिसेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा तर दोघेही २७२ च्या आगेमागे. म्हणजे पंतप्रधान ॲस्क्विथचं सरकार यापुढे उभं राहिलं ते ऐंशीच्या वर आयरिश राष्ट्रवादी सभासद आणि चाळीसेक मजूर पक्षाचे सभासद यांच्या जिवावर. (आयरिश सभासदांतले सगळे त्यांचा मुख्य नेता रेडमंड याचे नव्हते, हेही ध्यानात ठेवा.) १९१० नंतरचा कोणताही निर्णय वाचताना आधी विचारा, की यासाठी मतं कुणाची लागली?

आता हे लावून बघा. नोव्हेंबर १९०९ मध्ये लॉर्ड्सनी बजेट ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळलं. निवडणुकीनंतर तेच बजेट मंजूर करायचं, तर रेडमंडची अट होती की आधी लॉर्ड्सचा नकाराधिकार मोडा. व्हिस्कीवरच्या करामुळे आयरिश लोकांना ते बजेट मुळात नकोसंच होतं. त्यांना हवं होतं होमरूल, म्हणजे आयर्लंडला स्वराज्य, आणि त्याच्या वाटेत लॉर्ड्स उभे होते. १९११ च्या कायद्याने ही वाट उघडली : कॉमन्सनी लागोपाठ तीन अधिवेशनांत एखादं विधेयक मंजूर केलं, की लॉर्ड्सना ते दोन वर्षांपलीकडे अडवता येणार नाही.

इथे घाई करू नका, कॅलेंडर घेऊन बसा. होमरूल विधेयक एप्रिल १९१२ मध्ये आलं. लॉर्ड्सनी ते जानेवारी १९१३ मध्ये फेटाळलं, जुलैमध्ये परत फेटाळलं. मे १९१४ मध्ये ते कॉमन्समधून तिसऱ्यांदा पार पडलं. ही तारीख साधारण कधी येणार, हे अल्स्टरच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडातल्या, होमरूलविरोधकांना आधीपासून दिसत होतं. सप्टेंबर १९१२ मध्ये त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, जानेवारी १९१३ मध्ये स्वयंसेवक दल उभं केलं, एप्रिल १९१४ मध्ये लार्नच्या बंदरात हजारो रायफली उतरवल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात आयर्लंडमधल्या करा (Curragh) छावणीतले लष्करी अधिकारी म्हणाले होते, अल्स्टरवर चालून जाण्यापेक्षा बडतर्फी पत्करू. उमरावांचा पेच सोडवणाऱ्या कायद्यानेच आयर्लंडच्या पेचाला वेळापत्रक आखून दिलं.

मताधिकाराचंही तेच. मार्च १९१२ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचं विधेयक २०८ विरुद्ध २२२ असं पडलं. आदल्या वर्षी बाजूने असलेले कित्येक आयरिश सभासद या वेळी विरोधात गेले, कारण या प्रश्नावर मंत्रिमंडळ फुटलं तर होमरूल बुडेल ही भीती. मजूर पक्षाच्या मतांची किंमत बघायची, तर १९११ मध्ये खासदारांना सुरू झालेलं वर्षाला ४०० पौंडांचं वेतन आणि १९१३ चा कामगार संघटनांचा कायदा बघा. संप मात्र सभागृहातल्या गणितात बसत नाहीत. तिथे वाढती महागाई आणि मागे पडलेली मजुरी वाचावी लागते.

आणि उलट्या टोकालाही जाऊ नका. रेडमंडने ॲस्क्विथला नाचवलं, असं लिहिलंत तर तेही चूकच. हुजूर पक्ष होमरूल देणार नव्हता, त्यामुळे रेडमंडला दुसरं दार नव्हतं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. तयार नोट्स हातात ठेवणाऱ्यापेक्षा 'हे मतदान कुठे नोंदलंय ते दाखव' म्हणून पिच्छा पुरवणारा धरा. हॅन्सर्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा छापील वृत्तान्त, इंटरनेटवर फुकट आहे. इंग्रजी सुरुवातीला अंगावर येतं, पण रोज दोन पानं वाचलीत तर सरावतं. मराठी माध्यमातून आलात म्हणून हे आपलं काम नाही, असं अजिबात समजू नका.

सुरुवात १० ऑगस्ट १९११ च्या लॉर्ड्सपासून करा. लंडनमध्ये कडक उन्हाळा, सभागृह गच्च भरलेलं आणि निकाल कुणालाच ठाऊक नाही. पार्लमेंट ॲक्ट मंजूर व्हायला लागतील तितके नवे उमराव करायला राजाची संमती आहे, हे निवेदन एक वयस्कर मंत्री वाचून दाखवतो. १३१ विरुद्ध ११४ मतांनी कायदा पार पडतो. त्या १३१ मध्ये हुजूर पक्षाचे ३७ उमराव आणि १३ धर्मगुरू आहेत. निवेदन वाचणारा मंत्री म्हणजे जॉन मोर्ले, १९१० पर्यंतचा भारतमंत्री. गोखल्यांनी त्याच्यावर केवढी भिस्त ठेवली होती! आणि मोर्ले भारतमंत्री असताना शिक्षा झालेले टिळक त्या दिवशी मंडालेच्या तुरुंगात होते. लघुप्रबंधाला विषय शोधत असाल तर इथे खणा, केसरीचे जुने अंक समोर ठेवून.

महायुद्धाआधीच उदारमतवादी पक्ष संपला होता का, हा वाद तुम्हाला गाठणारच. मी 'नाही' म्हणणाऱ्यांतली. ऑगस्ट १९१४ मध्येही आयरिश आणि मजूर सभासद सरकार पाडायला निघालेले नव्हते. पक्ष मधोमध चिरला तो डिसेंबर १९१६ मध्ये, ॲस्क्विथ आणि लॉइड जॉर्ज यांच्यात. तुम्हाला उलट वाटत असेल तर खुशाल तसं लिहा, फक्त १९११ नंतरच्या पोटनिवडणुका एकेक करून तपासा आणि मग लिहा.