घोडा पडतो, पण बार उडत नाही: सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमधला दोष कसा शोधावा

सिंगल-अ‍ॅक्शन म्हणजे दर बाराआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो असं रिव्हॉल्व्हर. त्याचा घोडा खट्टकन पडला आणि बार उडालाच नाही, की बहुतेक जण सरळ नवी स्प्रिंग मागवतात. त्याआधी काडतुसाचं बूड बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

पण लगेच नाही. नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान ३० सेकंद थांबा, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. मगच ते बाहेर काढा आणि प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या फटक्याने पेटणाऱ्या टोपीवर, पडलेली खूण उजेडात धरून पाहा.

खूण खोल आणि मध्यभागी असेल तर दोष बहुधा काडतुसातच आहे. एका बाजूला सरकलेली असेल तर काडतुसांची घरं असलेलं फिरतं सिलिंडर नळीच्या रेषेत नीट अडकत नाही. हे काम कारागिराचं. उथळ खूण मात्र बऱ्याच कारणांनी पडते.

दुसऱ्या फटक्याला तेच काडतूस उडत असेल, तर प्रायमर वर राहिलाय असं समजा. पहिला फटका त्याला आत बसवण्यातच वाया जातो. घरी भरलेल्या काडतुसांत हे नेहमीचं. प्रायमर बुडाच्या पातळीखाली केसभर, म्हणजे इंचाचे ३ ते ५ हजारांश, बसलेला हवा. बोट फिरवलं की कळतं. खात्रीसाठी कारखान्यातली काडतुसं वापरून बघा. ती सगळी उडाली तर बंदुकीला दोष देऊ नका.

आता रिव्हॉल्व्हर रिकामं करा, प्रत्येक घर डोळ्यांनी तपासा आणि सिलिंडर काढून साफ करा. .३५७ मॅग्नम काडतुसांच्या सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल काडतुसं खूप उडवली असतील, तर त्या आखूड काडतुसांच्या तोंडाशी काजळीचं कडं साचतं. लांब काडतूस तिथे अडतं, पूर्ण आत बसत नाही आणि फटक्याने नुसतं पुढे सरकतं. घोडा अंगठ्याने धरून सावकाश सोडून पाहा; कुठे घासला तर आत घट्ट झालेलं जुनं तेल असणार.

एवढं झाल्यावर स्प्रिंगकडे वळा. १८७३ च्या कोल्टमध्ये आणि तिच्या इटालियन नकलांमध्ये मुठीत पट्टीची स्प्रिंग असते. तिचा स्क्रू ढिला झाला तरी फटका मंदावतो. रुगर कंपनीच्या ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरमध्ये गुंडाळीची स्प्रिंग असते. अमेरिकेत काउबॉय स्पर्धांचे नेमबाज घोडा हलका व्हावा म्हणून ती बदलून कमी ताकदीची बसवतात. वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेतलं असेल तर आधीच्या मालकाने हे केलं असण्याची शक्यता धरा. मऊ प्रायमरवर हलकी स्प्रिंग निभावते, कडक प्रायमरवर दगा देते. मूळ ताकदीची परत बसवा.

तरीही खूण उथळच पडत असेल तर फायरिंग पिनचं, म्हणजे प्रायमरवर आदळणाऱ्या पिनचं, टोक झिजलंय का ते बघा. १९७३ नंतरच्या रुगरमध्ये घोड्याचा फटका पिनपर्यंत पोचवणारा ट्रान्सफर बारही तपासावा लागतो. इथे कानस मात्र चालवू नका. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा हत्यार परवानाधारक कारागिराकडेच न्या.

दुरुस्तीनंतर रेंजवर एक पूर्ण खोका उडवा, आणि तोही नेहमी वापरता त्याच काडतुसांचा.