एम.एस.ला एस.एस. जोडताना वेल्डिंगचा रॉड कोणता घ्यायचा?

शिरोलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुधाच्या टाक्यांना पाय लावायचं काम कायम चालू असतं. टाकी ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, म्हणजे एस.एस.ची, पाय साध्या पोलादाचे, म्हणजे एम.एस.चे. नवीन पोरगा हमखास विचारतो, "दादा, ३०८ एल मारू का? एस.एस.चाच रॉड आहे की!"

मी त्याला खडूने हिशेब मांडून दाखवतो. वेल्डमध्ये साधारण ३० टक्के धातू वितळलेल्या प्लेटांचा येतो, दोन्हीकडून निम्मा-निम्मा धरा. ३०८ एलमध्ये क्रोमियम २० टक्के, निकेल १०. एम.एस.मध्ये दोन्ही जवळपास शून्य. मिसळून क्रोमियम १६.७ आणि निकेल ८.२ वर येतं. एम.एस. आणखी थोडं वितळलं, की वेल्डमध्ये ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतं आणि तडा जातो. आता ३०९ एल घ्या, क्रोमियम २४, निकेल १३. मिसळून १९.५ आणि १०.३ उरतं, म्हणजे ३०४च्या वरच. शिवाय थोडं फेराइट, म्हणजे चुंबकाला ओढणारी पोलादाची रचना, राहतं, त्यामुळे वेल्ड थंड होताना चिरत नाही. गार झालेल्या वेल्डला चुंबक लावून बघा, हलकासा ओढतो.

टाकी ३१६ जातीच्या, मॉलिब्डेनम असलेल्या एस.एस.ची असेल तर ३०९ मॉलिब्डेनमवाला घ्या. ७०१८, म्हणजे एम.एस.चा रॉड, मात्र एस.एस.वर कधीच मारू नका. प्लेटमधलं क्रोमियम वेल्डमध्ये उतरतं आणि वेल्ड काचेसारखा कडक होतो.

रॉड बरोबर घेऊनही करंट चढवला तर सगळा हिशेब बिघडतो, कारण एम.एस. जास्त वितळतं. डब्यावर दिलेल्या मर्यादेच्या खालच्या बाजूला राहा. पाय गॅल्वनाइज्ड असतील तर जस्त आधी ग्राइंडरने पूर्ण काढा. वितळलेलं जस्त एस.एस.मध्ये शिरून त्याला चिरा पाडतं.

एन८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या शाफ्टला एम.एस. फ्लँज लावायचा असेल तर रॉड कमी ताकदीच्या बाजूचा, म्हणजे ७०१८, भट्टीत नीट सुकवलेला. प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी तापवणं, मात्र एन८च्या मानाने, दीड-दोनशे अंश. हे उलट करू नका.

तीनशे अंशांच्या वर चालणारी वाफेची लाइन असेल तर ३०९ एलवर थांबू नका. एम.एस.मधला कार्बन हळूहळू वेल्डकडे सरकतो. त्यात एस.एस. तापल्यावर एम.एस.च्या जवळजवळ दीडपट पसरतं, त्यामुळे सांध्याच्या एम.एस.कडच्या कडेवर दर चालू-बंदला ताण येतो. तिथे निकेलचा, ईएनआयसीआरएफई-३ वर्गातला रॉड लागतो. त्याचं प्रसरण एम.एस.च्या जवळचं असतं आणि कार्बनही त्यात फारसा सरकत नाही. किंमत कितीतरी जास्त, पण बॉयलरच्या कामात मंजूर डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या पद्धतीच्या लेखी कागदात, जो रॉड लिहिलाय, तोच वापरायचा.